बुरुजाची बाहेरची बाजू

"आपणहून गेलेल्याला पान नसतं," ज्ञानू म्हणाला. "उद्या माझ्या आई-बापाची दोन पानं मांड. तिसरं मांडायचं नाही."

सोनजाईपुढं दिवा लावून त्याची बायको मालन नुकतीच बुरुजावर आली होती. पोरगा गेल्यापासून दर मंगळवारी गड चढायचा तिचा नेम होता. देवीपाशी ती एकच मागायची. सर्वपित्रीला सुजयचं पान मांडू दे.

"आणि त्या भोपळ्याच्या घाऱ्या यंदा नकोत," ज्ञानू पुढं म्हणाला. "मला साखर झालीय हे साऱ्या गावाला ठाऊक. तू मात्र दर सर्वपित्रीला माझ्याच पानात घाऱ्या वाढतेस. मलाही वर धाडायचंय काय?"

कठड्याशी बसलेली केतकी खुदकन हसली. ती आणि मिहिर शहरातून गडाच्या साफसफाईला यायची. तटावर लोकांनी तैलरंगानं लिहिलेली नावं घासून काढायची. आतली भिंत झाली होती. आज मिहिर दोराला लोंबकळून बाहेरच्या बाजूला उतरला होता. दोर मेखांना पक्का बांधलेला होता, तरी ज्ञानूनं तो हातात धरला होता. त्याचे वाडवडील या गडाचे गडकरी.

"नावं लिहिणाऱ्यांचे हातच तोडायला हवेत," तो सकाळपासून म्हणत होता.

सुजय याच बुरुजावरून गेला. पोलीस भरतीची यादी लागली आणि त्यात तो नव्हता. गणपती तोंडावर आले होते, सुजय दाराची चौकट रंगवत होता. शेजारीपाजारी उभे असताना ज्ञानू म्हणाला होता, "कुठं तरी तुझं नाव लागलं का रे आजवर?" सुजयनं वर पाहिलं नाही. चौकट पुरी केली आणि गडावर निघून गेला. संध्याकाळी त्याला दरीतून वर आणलं, तेव्हा बोटं निळी होती. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. दार निळंच होतं. त्यानं उडी टाकली, हे सगळ्यांनी न बोलता धरून घेतलं. ज्ञानूनं त्याचं नाव टाकलं.

"काका," खालून मिहिर ओरडला, "इथं कड्यावर आणखी एक नाव आहे. कुठल्या बहाद्दरानं लिहिलंय देव जाणे! पाय ठेवायला वीतभरही जागा नाही."

"कुणाचं रे?" केतकी वाकून म्हणाली.

"अर्धंच आहे. 'सुज' एवढंच. पुढं नुसता रंगाचा ओघळ, पार खालपर्यंत गेलाय."

केतकीनं सहज विचारलं, "कुठला रंग?"

"निळा. दाराला मारतात ना, तसला."

ज्ञानूची मूठ दोरावर आवळली. मालननं कठड्याला हात टेकला. दरीतून धुकं वर चढत होतं.

"काका, पुसू ना?"

केतकी एकदा ज्ञानूकडं, एकदा मालनकडं बघू लागली.

"पूस बाळा," मालन म्हणाली. "गड देवीचा आहे."

तारेचा ब्रश दगडावर घासू लागला. रंग जुना होता, लवकर निघेना. ज्ञानू दोर धरून हळूहळू खाली बसला. बऱ्याच वेळानं आवाज थांबला.

"झालं काका. आता काही दिसत नाही."

मिहिर वर आला, तरी ज्ञानूनं दोर सोडला नाही. केतकीनंच मग तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"उद्या सुजयचं पान मांड," तो मान खाली घालून म्हणाला. मग त्यानं विचारलं, "काय आवडायचं गं त्याला?"

"घाऱ्या," मालन म्हणाली.