शेवटची कानतपासणी

बाबांनी कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर तीस वर्षं काढली. त्या धडधडाटात त्यांचे कान गेले, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. "अहो, नळ गळतोय!" म्हणून आईनं घसा फोडावा आणि बाबांनी ढिम्म हलू नये. मात्र सुटीच्या दुपारी ते खुर्चीत डोळे मिटून बसले, की मागे कपड्यांच्या घड्या घालता घालता ती हळूच पुटपुटायची, "माणूस लाखात एक मिळाला हो मला."

बाबा गेले आणि तिला एकच गोष्ट खात राहिली. "एकदा तरी मोठ्यानं सांगायला हवं होतं गं त्यांना."

महिन्याभरानं लेक कारखान्यातून त्यांच्या कपाटातलं सामान घेऊन आली. कानांवर चढवून चढवून झिजलेले, आवाज अडवणारे इअरमफ आणि कानतपासणीचे कागद. गेल्याच वर्षीचा तिनं वाचून दाखवला: "दोन्ही कान उत्तम. इअरमफशिवाय एक दिवसही मशीनवर उभे राहिले नाहीत."

आईच्या हातातली घडी अर्धवट राहिली. तिनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग लाजली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,



"लबाड कुठले! मग नळाचं तेवढं कसं हो ऐकू येत नव्हतं?"