फितूर

युद्ध सुरू झाल्यापासून हरिदासकाका टीव्हीसमोरून उठतच नव्हते. त्यांनी चेंडू जप्त केला म्हणून आठवीतल्या युवराज आणि सिद्धांतनं आपल्याच कबुतराच्या पायाला तांबडी वायर गुंडाळली आणि ते काकांच्या गच्चीत सोडलं. काकांनी झडप घालून ते धरलं आणि पोलिसांना फोन लावला. अर्धी भवानी पेठ गोळा झाली.

"हेर हाय हेर! सीमेपलीकडनं आलंय!" काका छाती फुगवून सांगत होते.

"फाशी द्या त्याला!" युवराज सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

हवालदार वायर काढून हसले. "पाळलेलं दिसतंय. सोडून बघू की, कुणाकडं जातंय ते."

 

कबुतरानं वर एक गिरकी घेतली आणि युवराजच्या डोक्यावर बसून ते निवांत घुमायला लागलं.