गाद्यांच्या दुकानातली फायनल

टेबलावरच्या गाद्या उतरवून होईतो मालकाला धाप लागली. हा पूर्वी बिलियर्ड्ससारखा पूल खेळायचा हॉल होता, आता गाद्यांचं दुकान. टेबल एकच उरलं होतं, तेही उद्या सकाळी भंगारात जाणार होतं. "काय खेळायचं ते आत्ताच खेळून घ्या," मालक म्हणाला. "गिऱ्हाईक आलं तर मात्र मध्येच थांबवीन हं."

चष्मेवाल्यानं आपलं चष्म्यांचं दुकान बंद ठेवून मास्तरला बोलावून घेतलं होतं. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारा मास्तर. दरवर्षीच्या टूर्नामेंटला फायनलमध्ये हे दोघंच असायचे आणि दरवेळी चष्मेवाला मार खायचा. एकदा, फक्त एकदा ह्याला हरवायचं, एवढाच त्याचा ध्यास. तेवढ्यात टूर्नामेंटच बंद पडली. कुणी बंद केली असंही नाही. एका वर्षी झाली नाही आणि पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही.

आणि मास्तरची तेव्हाची खुन्नस काय विचारता! फायनलच्या दिवशी तो चष्मेवाल्याशी एक शब्द बोलायचा नाही. चष्मेवाला नेम धरायला वाकला, की हा नेमका समोर येऊन उभा. नुसता बघत राहायचा. चष्मेवाल्याचं डोकं फिरायचं.

आज मास्तर आल्या आल्या म्हणाला, "कसा आहेस रे? सुटलायस की चांगला!" चष्मेवाला नेम धरत होता तेव्हा तो गादीवर बसून मालकाला आपल्या गुडघ्याचं रडगाणं ऐकवत होता.

तरी डाव अटीतटीचा झाला. शेवटी टेबलावर पांढरा आणि काळा, दोनच बॉल राहिले. काळा जो घालेल तो जिंकला. पाळी मास्तरची आणि काळा पॉकेटच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली असती तरी पडला असता. चष्मेवाल्यानं आपली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मास्तर वाकला. पांढरा काळ्याच्या बाजूनं निघून गेला, शिवलासुद्धा नाही.

चष्मेवाल्यानं पुन्हा काठी घेतली आणि काळा आत घातला. मालकानं टाळ्या वाजवल्या. "मारलंस की लेका!" म्हणत मास्तरनं त्याला मिठी मारली.

"मुद्दाम सोडलास?"

"अरे, जाऊ दे ना. तुझी एवढी हौस होती, म्हटलं होऊन जाऊ दे. आता काय राहिलंय त्यात?"

मास्तर मनापासून हसत होता. चष्मेवाल्यानं राग येतोय का बघितलं. नाही आला. आनंदही नाही झाला. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी. त्यानं गाद्या परत टेबलावर चढवायला मालकाला हात दिला आणि तो घरी आला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "आज दुकान बंद ठेवलंत म्हणे? कुठे होतात?"

"मास्तरशी खेळत होतो."

"अगंबाई, इतक्या वर्षांनी! मग? कोण जिंकलं?"

तो चपला काढत होता. "मास्तर."

"परत?"

"परत," तो म्हणाला. "तो कसला सोडतोय!"