दुसरं मत

टायपिंग क्लासचे मास्तर चार वेळा अपक्ष म्हणून उभे राहिले आणि चारही वेळा त्यांना मोजून दोन मतं पडली. "एक मास्तरांचं, एक बाईंचं," म्हणत अख्खी गल्ली हसायची. पाचव्या निवडणुकीआधी मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या आणि मास्तरांचं घर शेजारच्या मतदारसंघात गेलं. तरी मास्तरांनी अर्ज भरला तो जुन्याच मतदारसंघातून.

"अहो, आता आपल्या दोघांची मतंसुद्धा तिकडे नाहीत," बायको म्हणाली. "भोपळा मिळेल."

"मिळू दे."

निकाल लागला. मास्तरांना एक मत पडलं होतं.

निकालाचा कागद टाइपरायटरवर ठेवून मास्तर कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. "माझं नाही, तुझं नाही. मग हे आलं कुठून?"

बायकोचा चेहरा पडला. "आता लपवण्यात अर्थ नाही. आधीचं ते दुसरं मतही माझं नव्हतं. मी एकदाही तुम्हाला दिलं नाही. निवडून आलात तर घरी दिसणारसुद्धा नाही, अशी धास्ती वाटायची. काय बोलायचं ते बोला."

मास्तर ताडकन उठले. बायकोने डोळे मिटून घेतले.

"अगं, म्हणजे गेली वीस वर्षं कुणीतरी परका माणूस मला मत देतोय!"