मंगोलियाला एक पत्र

"मंगोलियाची राजधानी?" आईने विचारलं.

"उलानबातर," नऊ वर्षांची ॲग्नेस एका दमात म्हणाली. "कॅथलिक जेमतेम दीड हजार. फादर अन्सेल्मच्या गावात तर फक्त चाळीस!"

जेरार्ड लायकर दारातच बूट काढत होता. अकरा दिवस ट्रक चालवून तो कॅन्ससला घरी परतला होता.

"आणि तुझा बाप कुठून आला, ते सांग बरं," तो म्हणाला.

ॲग्नेसने खांदे उडवले. "ट्रकमधून."

धाकटा डेमियन खिदळला. जेरार्ड हसला नाही.

त्याच्या बायकोने, लिओनाने, मुलांना शाळेत घातलं नव्हतं, घरीच शिकवायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. दर गुरुवारी एक देश: त्याच्या नद्या, तिथला संत, तिथलं चर्च, आणि शेवटी त्या देशासाठी एक 'नमो मरिया' प्रार्थना. ब्राझील एका गुरुवारात आटपला होता. मंगोलिया मात्र वर्ष झालं तरी संपत नव्हता. कारण तिथल्या मिशनमधला केनियाचा पाद्री, हा फादर अन्सेल्म, लिओनाच्या पत्रांना उत्तरं द्यायचा. लांबलचक उत्तरं.

"काय लिहितेस गं त्याला एवढं?"

"वाचून दाखवू?"

"मला नको."

"अरे, पाद्री आहे तो!"

"पाद्री झाला तरी पुरुषच ना?"

लिओना हसली आणि कोबी-खिम्याचे पाव भट्टीतून काढायला वळली. ते हसू जेरार्डला कुसळासारखं टोचत राहिलं.

ती हल्ली फोनवर खोदून खोदून विचारायची. नक्की कुठे आहेस? कुठलं गाव? जवळ नदी कुठली? पूर्वी "जेवलास का" विचारायची. नवरा किती लांब आहे, याचा अंदाज घेतेय बाई, असं त्याच्या मनाने घेतलं. एकदा घेतलं ते घेतलंच.

मार्चमध्ये तो एक दिवस लवकर घरी आला. लिओना खिडकीपाशी पत्र वाचत होती. डोळे पुसत होती आणि हसतही होती. त्याची चाहूल लागताच तिने कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात घातला.

"काय झालं?"

"काही नाही. तुला आवडत नाही ना त्यांचं नाव काढलेलं?"

पुढच्या खेपेला नेब्रास्कातल्या एका खानावळीत त्याने कागद मागून घेतला. लग्नानंतर त्याने कुणाला पत्र म्हणून लिहिलं नव्हतं. हे मात्र सरसर उतरलं. 'माझ्या बायकोला पत्रं लिहिणं बंद करा. तुमच्यासारख्यांना दुसऱ्याचं घर दिसलं की राहवत नाही. गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीची तरी लाज बाळगा.' खाली ठसठशीत सही केली. टपालपेटीत टाकलं आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवला.

लिओनाला तो काही बोलला नाही. मंगोलियाहून पत्रं यायची थांबली. ती दोन-चारदा पेटीपाशी जाऊन रिकाम्या हाताने परतली. ते पाहून जेरार्डला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

मे महिन्यात पाकीट आलं. या वेळी त्याच्या नावाने. तो पेटीपाशीच उभा राहून वाचू लागला.

'प्रिय जेरार्ड, तुमचं म्हणणं मान्य. यापुढे लिहिणार नाही. मनात किल्मिष येईल असं वागलो असेन तर क्षमा करा.

'फक्त एक सांगतो. माझ्या वर्गात बावीस मुलं आहेत. तुमची पत्नी दर आठवड्याला तुम्ही कुठे पोहोचलात ते कळवते, त्यावरून मी त्यांना अमेरिका शिकवतो. प्लॅट नदी त्यांना तुमच्यामुळे ठाऊक. जानेवारीत तुम्ही वायोमिंगच्या बर्फात अडकलात, तेव्हा ही मुलं सुटकेचं कळेपर्यंत रोज तुमच्यासाठी गुडघे टेकून बसली. मार्चच्या पत्रात मी तेच लिहिलं होतं.

'तुमच्या हातचं पत्र आलंय म्हटल्यावर मुलांनी आनंदाने वर्ग डोक्यावर घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि मला अर्थ सांगवला नाही. त्यांनी ते वर्गातल्या क्रुसाखाली लावलंय.'