अकरा वाजताची हजेरी

पडद्यावर निळी चौकट फिरत होती. आत दोनच शब्द, नो सिग्नल. कोपऱ्यावर आपटायची, वळायची, दुसऱ्या कोपऱ्याकडे निघायची. घरात तेवढी एकच गोष्ट मजेत होती.

तो टेबलाखाली शिरला होता. बाहेर नुसते पाय. ती खुर्चीत बसली होती, इस्त्रीचे कपडे, मांडीवर कागदांची फाइल. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला कोर्टात त्यांचं नाव पुकारणार होते आणि कोर्ट या पडद्यावरच दिसायचं होतं. दोघांनी शेजारी बसून सांगायचं, हो, आम्हाला वेगळं व्हायचंय. झालं. नऊ वर्षांचा संसार तेवढ्यात संपणार होता.

"आठवड्याला पन्नास कॉम्प्युटर दुरुस्त करतोस ना?" ती म्हणाली.

"करतो."

"मग हा एक्कावन्नावा समज."

टेबलाखाली वायरी सरकल्या. तो बोलायचाच नाही, तिची तक्रार तीच होती. वकीलबाईंना तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ह्या माणसाची घरात दोनच वाक्यं असतात, 'कुठंय' आणि 'बघतो'. दुकानात मात्र गिऱ्हाइकाच्या की-बोर्डशीसुद्धा गप्पा मारतो.

त्याने मॉनिटरची वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. निळी चौकट. बटण दाबून सगळं बंद केलं, दहा आकडे मोजले, चालू केलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरला, दिवा लागला. निळी चौकट.

खाली हॉर्न वाजला. तिचा दादा टेम्पो घेऊन आला होता. हजेरी झाली की तिचं सामान भरून न्यायचं, असं ठरलं होतं. दाराशी चार खोकी आणि शिलाई मशीन रांगेत उभी होती. दादाने पुन्हा हॉर्न दाबला. त्याला धीर म्हणून नव्हताच कधी.

तिने वकीलबाईंना फोन लावला. मोबाइलवरून हजेरी लावली तर? वकीलबाई तिकडून खेकसल्या, की मागच्या महिन्यात एकाने रिक्षातून हजेरी लावली तेव्हापासून जजसाहेबांनी मोबाइल बंद केलेत. आजची तारीख चुकली तर पुढची सहा महिन्यांनी. तिने फोन ठेवला.

"शेजारी विचारू का? त्यांच्याकडे आहे कॉम्प्युटर," तो म्हणाला.

"लोकांच्या सोफ्यावर बसून घटस्फोट घेऊ? त्यांच्या म्हातारीसमोर?"

तेही खरं होतं. म्हातारीने मधेच तोंड घालून विचारलं असतं, दोघांत भांडण कशावरून. तो परत खाली वाकला.

पावणेअकरा. तिने फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. फाइलवर एक थेंब पडला तो तिने लगेच बाहीने पुसला. त्याला टेबलाखालून दिसलं ते.

तो बाहेर आला. केसांना जळमट लागलेलं.

"वायर मेलेली आहे," तो म्हणाला. "सकाळी मीच बदलली. चांगली माझ्या पिशवीत आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ओरडेल, फाइल फेकून मारेल, दादाला वर बोलावेल, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं.

"का?" तिने विचारलं.

"नाही जमलं. हो म्हणायला."

नऊ वर्षांत तो स्वतःच्या मनातलं इतकं बोलला नव्हता. ती खिडकीकडे वळली.

"लाव ती चांगली," ती हळूच म्हणाली.

त्याने लावली. बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला.

निळी चौकट.

आता त्याचा चेहरा उतरला. त्याने वायर उलटसुलट केली. डब्याचं झाकण काढलं, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, परत खटकन बसवली. काही नाही. दुसऱ्या खाचेत बसवली. काही नाही. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून थेट डब्यात पडला.

"काल तर चालू होता," तो स्वतःशीच म्हणाला. "ही पट्टीच गेली बहुतेक. दुकानात आहे दुसरी. अर्ध्या तासात जाऊन येतो."

"दहा मिनिटं उरलीत. कुठं जातोस."

"आता मी काही केलेलं नाही. शपथ."

"मला माहितीये," ती म्हणाली.

त्याने पट्टी परत काढली, परत घासली. पन्नास मशीनचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा नुसता रबर घासत बसला होता. अकरा वाजले. अकरा पाच झाले. खाली दादा हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता.

अकरा दहाला वकीलबाईंचा फोन आला. नाव दोनदा पुकारलं, दोघांपैकी कुणी नाही, पुढची तारीख सहा महिन्यांनी. वर दोन शब्द स्वतःच्या मनाचेही ऐकवले. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग खिडकीतून दादाला सांगितलं, आज नाही, तू जा. दादाने टेम्पो असा काही वळवला की गल्लीतली कुत्री उठली.

तो जमिनीवर बसून होता. उघडा डबा समोर, हातात रबर.

"सॉरी," तो म्हणाला. "तुला वाटेल मुद्दामच केलं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. कमरेला खोचलेला हातरुमाल काढला, ओट्यावर ठेवला आणि उलगडला. तो घासत बसला होता ती पट्टी तिने रात्री त्याच्याच भंगारातून काढून बसवलेली. रुमालात काल रात्रीपर्यंत त्या कॉम्प्युटरमध्ये असलेली रॅमची चांगली पट्टी होती.