दातेरी कड

"काका, यातली साखरेची गोळी कुठली, सांगा बघू," म्हणत सुनंदाने गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्यांचे दोन तुकडे काउंटरवर आपटले. तिची आई सकाळी घेरी येऊन पडली होती. रक्तदाबाची समजून मधुमेहावरची, साखर उतरवणारीच गोळी तिने दुसऱ्यांदा घेतली होती. आता ती दवाखान्यात सलाइनवर होती.

शेवडेकाकांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. दोन्हींत सारख्याच पांढऱ्या गोळ्या, आणि नाव कुठेच नाही. तीस वर्षं खालमानेनं औषधं विकणाऱ्या त्या माणसाचा आवाज चढला. "उरलेली पट्टी विकता यावी म्हणून नावाची बाजू स्वतःकडे ठेवून घेतलीय. माणसं मारायला बसलेत हे. त्या नव्या दुकानातून आणल्यास ना?"

 सुनंदाने एका तुकड्याच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. कड करवतीसारखी दातेरी होती. काकांच्या हाताशीच त्यांच्या बायकोची शिवणकामातली जुनी, दातेरी पात्यांची कात्री पडली होती. गावात तशी कड दुसरं कोणीच कापत नव्हतं.

काकांनी कात्री वहीखाली सरकवली. "मला वाटलं, आईंना वाचता येत नाही," ते पुटपुटले.

"येतं." सुनंदाने त्यांच्या डोक्यावरच्या, त्यांनीच रंगवलेल्या पाटीकडे बोट केलं: 'नाव वाचूनच गोळी घ्या.' "तुमची ही पाटी वाचल्यापासून आई रोज चष्मा लावून गोळ्या घ्यायला बसते, काका. वाचायला तुम्ही काही ठेवलंच नाहीत."